नकोसे जाहिरात-ईमेल: तक्रार कुणाकडे करायची आणि कायदा कुठे थांबतो

फोनवर कर्जाची किंवा एनए प्लॉटची जाहिरात आली, तर भारतात तक्रारीसाठी एक ठरलेला नंबर आहे: 1909. तीच जाहिरात ईमेलने आली तर असा नंबर नाही. ट्रायचे, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे, नियम टेलिकॉम कंपन्यांच्या जाळ्यावरून येणाऱ्या कॉल आणि एसएमएसना लागू आहेत, ईमेल त्यांत बसत नाही. हे ठाऊक नसल्यामुळे लोक ईमेलची तक्रार 1909 वर करून पाहतात, मग सायबर पोलिसांकडे जातात. तिथे पहिला प्रश्न येतो, ‘पैसे गेले का?’ गेलेले नसतात, त्यामुळे रिकाम्या हाताने परत यावे लागते.

ईमेलसाठी काहीच कायदा नव्हता असे नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्यात 2008 च्या दुरुस्तीने कलम 66अ आले. त्रास किंवा गैरसोय व्हावी म्हणून, अथवा मेल कुणाकडून आला याबद्दल दिशाभूल व्हावी म्हणून पाठवलेला ईमेल त्याच्या एका पोटकलमात गुन्हा ठरवला होता. स्पॅमच्या सर्वांत जवळ जाणारी तरतूद हीच. पण ‘त्रास’ आणि ‘गैरसोय’ हे शब्द इतके सैल की कलम जाहिरातदारांपेक्षा मत मांडणाऱ्यांवरच जास्त चालले. 2012 साली पालघरमध्ये एका फेसबुक पोस्टवरून दोन तरुणींना अटक झाली, श्रेया सिंघल यांची याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली आणि 24 मार्च 2015 रोजी न्यायालयाने ते कलम पूर्णपणे रद्द केले. रद्द झाले ते योग्यच झाले. मात्र त्याबरोबर स्पॅमपुरती ती एक ओळही गेली, आणि तिच्या जागी ईमेलसाठी दुसरी आली नाही.

आज हाताशी तीन वेगवेगळ्या गोष्टी उरतात: फसवणुकीची कलमे, ग्राहक संरक्षणाखालची मार्गदर्शक तत्त्वे आणि वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा 2023 चा कायदा. यांतली कोणती वापरायची ते मेल कोणत्या जातीचा आहे यावर ठरते.

आधी तीन ढीग

पहिला ढीग ओळखीच्या विक्रेत्यांचा: जिथून कधी तरी कपडे, तिकीट, औषध मागवले ती दुकाने, बँक, विमा कंपनी. दुसरा ढीग अनोळखी पण खऱ्या धंद्यांचा: वेबसाइट बनवून देतो, एक्स्पोर्टचे ग्राहक मिळवून देतो, सेमिनारला या. तिसरा ढीग भामट्यांचा: वीज तोडली जाईल, केवायसी संपले, पार्सल अडकले, आयकराचा परतावा मंजूर झाला.

हे वेगळे करायचे कारण असे, की एका ढिगाचा उपाय दुसऱ्याला लावला तर उलटतो. ओळखीच्या दुकानाच्या मेलमधले अनसबस्क्राइब दाबणे बरोबर. भामट्याच्या मेलमधले तेच बटण दाबले तर हा पत्ता चालू आहे आणि माणूस लिंक दाबतो, एवढी माहिती त्याला फुकट मिळते. त्याच्या यादीत तुमच्या पत्त्याची किंमत वाढते.

संशय असेल तर मेल उघडण्याआधीच एक सेटिंग बदलून ठेवा. जीमेलच्या सेटिंगमध्ये ‘जनरल’ या पानावर ‘इमेजेस’ असा भाग आहे, तिथे बाहेरची चित्रे दाखवण्याआधी विचारण्याचा पर्याय निवडा आणि पानाच्या तळाशी जाऊन बदल जतन करा. (तळाचे बटण दाबायचे राहून जाते आणि सेटिंग होते तसेच राहते.) जाहिरातीच्या मेलमध्ये बहुधा एक न दिसणारे, एका ठिपक्याएवढे चित्र असते. ते तुमच्या पडद्यावर उतरले की पाठवणाऱ्याकडे मेल उघडल्याची नोंद होते. चित्रेच बंद असली तर ती नोंद होत नाही.

ओळखीच्या विक्रेत्यांचे मेल

मेलच्या तळाशी बारीक अक्षरांत दडवलेली लिंक शोधत बसू नका. जीमेलमध्ये पाठवणाऱ्याच्या नावाशेजारी, वरच, अनसबस्क्राइब हा शब्द दिसतो, तो दाबा. फेब्रुवारी 2024 पासून गूगल आणि याहू यांनी घाऊक मेल पाठवणाऱ्यांवर काही अटी घातल्या आहेत. जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला 5,000 किंवा जास्त मेल पाठवणाऱ्याने एका टिचकीत नाव काढण्याची सोय द्यायची, दोन दिवसांत नाव काढायचे आणि मेल खरोखर आपल्याच डोमेनवरून (म्हणजे ईमेल पत्त्यात ॲटच्या चिन्हापुढे येणाऱ्या नावावरून) आल्याचा तांत्रिक पुरावा जोडायचा. वरचे बटण या सोयीला जोडलेले असते. खालची लिंक मात्र विक्रेत्याच्या स्वतःच्या पानावर नेते, आणि तिथे तो तुम्हाला ‘खरंच जाताय?’ पासून ‘आठवड्याला एकच मेल पाठवू का?’ पर्यंत सगळे विचारून घेतो.

संगणकावर जीमेल उघडून डावीकडच्या मेनूत ‘मॅनेज सबस्क्रिप्शन्स’ पाहा. जुलै 2025 पासून हळूहळू सर्वांना मिळालेली ही सोय आहे. ज्यांचे मेल सर्वाधिक येतात त्यांची नावे तिथे वर दिसतात, एकेकाला तिथूनच काढता येते. पंधरावीस नावे काढली की इनबॉक्सचा बराच भार उतरतो.

तरी मेल येत राहिले तर कारणे साधारण ठरलेली असतात. मोठ्या दुकानाच्या चारपाच वेगळ्या याद्या असतात: ऑफर, नवा माल, ‘तुमच्या टोपलीत राहिलेली वस्तू’, सर्वेक्षण. तुम्ही एकीतून बाहेर पडलेले असता. अशा वेळी मात्र खालच्या लिंकने त्यांच्या पसंतीच्या पानावर जाऊन सगळ्या खुणा काढाव्या लागतात. दुसरे कारण: मेल येतो तुमच्या जुन्या पत्त्यावर आणि तिथून पुढे पाठवला जातो, तुम्ही नाव काढता नव्या पत्त्याचे. मूळ मेल कोणत्या पत्त्यावर आला आहे ते तपासा. तिसरे कारण: तो मेल जाहिरात नसून पावती, ओटीपी किंवा खात्याची सूचना असते. ती थांबत नाही आणि थांबवूही नये.

अनसबस्क्राइब करून तीनचार दिवस झाले, मेल येतच आहेत? मग ‘रिपोर्ट स्पॅम’ दाबायला संकोच करू नका. त्याचा परिणाम नुसता मेल बाजूला जाण्यापुरता नसतो. गूगलच्या अटींनुसार स्पॅमच्या तक्रारींचे प्रमाण 0.3 टक्क्यांपर्यंत पोहोचता कामा नये, आणि 0.1 टक्क्याच्या आत असलेले चांगले. म्हणजे इनबॉक्समध्ये पोहोचलेल्या 5,000 मेलमागे 15 जणांनी हे बटण दाबले तर त्या विक्रेत्याचे सगळेच मेल, पावत्यांसकट, स्पॅममध्ये जाण्याची वेळ येऊ शकते. कुठल्याही सरकारी तक्रारीपेक्षा हे 15 जण त्याला जास्त महागात पडतात. नुसते डिलीट केल्याने मात्र कुणालाच काही कळत नाही. ‘ब्लॉक’चाही उपयोग तुमच्यापुरताच, आणि पाठवणाऱ्याने पत्ता बदलला की तोही संपतो.

जमलेला ढिगारा उपसायचा असेल तर जीमेलच्या शोधपट्टीत जाहिरातींचा विभाग आणि एका वर्षापेक्षा जुने, अशी अट घाला (इंग्रजीत ‘कॅटेगरी’, कोलन, ‘प्रमोशन्स’, जागा सोडून ‘ओल्डर’, अधोरेषा, ‘दॅन’, कोलन आणि 1 वाय, म्हणजे category:promotions older_than:1y). सगळे निवडा, वर येणाऱ्या ओळीतून या शोधातले सर्व मेल निवडा आणि काढून टाका. त्याआधी पानभर खाली जाऊन नजर फिरवा. विम्याच्या हप्त्याची सूचना किंवा विमानाचे तिकीट कधी कधी जाहिरातींच्या विभागात जाऊन बसलेले असते. काढलेले मेल कचऱ्यात 30 दिवस राहतात, तेवढ्यात परत आणता येतात.

विक्रेता ऐकतच नसेल तर

इथे कायदा थोडा उपयोगी पडतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 रोजी ‘डार्क पॅटर्न’ म्हणजे ग्राहकाला फसवून नको ते करायला लावणाऱ्या 13 क्लृप्त्यांना मनाई करणारी मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत दोन गोष्टी नेमक्या या विषयाच्या आहेत. वस्तू विकत घ्यायची तर आमच्या न्यूजलेटरचे सदस्य व्हाच, अशी सक्ती करणे हे ‘फोर्स्ड ॲक्शन’चे उदाहरण म्हणून दिले आहे. आणि नकार देताना ‘हो’ किंवा ‘नाही’ असा सरळ पर्याय न देता गोंधळात टाकणारी वाक्ये लिहिणे हे ‘ट्रिक क्वेश्चन’चे. नाव काढण्याच्या पानावर ‘हो, मला ऑफर हव्यात’ आणि ‘आत्ता नको’ एवढेच दोन पर्याय असतील, तर त्या पानाचा स्क्रीनशॉट घ्या. स्क्रीनशॉटमध्ये तारीख आणि ब्राउझरमधली वेबसाइटच्या पत्त्याची पट्टी आली पाहिजे.

तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, 1915 या नंबरवर करा. मराठीत बोलता येते. तक्रार ‘मला स्पॅम येतो’ अशी मांडली तर पुढे सरकणार नाही. ‘खरेदी करताना न्यूजलेटरची सक्ती केली’ किंवा ‘नकार देण्याचा सरळ पर्याय दिला नाही’ अशी मांडा, आणि डार्क पॅटर्न हा शब्द वापरा. हेल्पलाइन दंड करत नाही, कंपनीकडे तक्रार पाठवून उत्तर मागवते. भारतात ऑफिस असलेली, नावाला जपणारी कंपनी बहुतेकदा तेवढ्यावर नमते. परदेशातल्या अनोळखी दुकानावर याचा काही परिणाम होत नाही.

त्याच वेळी कंपनीला लेखी पाठवून ठेवा. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा 2023 साली झाला, त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले, आणि संमती, संमती मागे घेणे, माहिती पुसून मागणे या मुख्य तरतुदी त्यानंतर 18 महिन्यांनी, म्हणजे मे 2027 पासून लागू होतात. त्याआधी पाठवलेल्या पत्रामागे हा कायदा उभा राहत नाही. तरीही पत्र पाठवावे, कारण तारखेसह नकाराची नोंद तयार होते. मजकूर इतका पुरे:

‘आपल्याकडून माझ्या या ईमेल पत्त्यावर जाहिराती येत आहेत. जाहिरातीसाठी माझी माहिती वापरण्यास मी पूर्वी संमती दिली असल्यास ती आजपासून मागे घेत आहे. जाहिरातीच्या सर्व याद्यांतून माझे नाव काढावे. माझा पत्ता कुठून मिळाला आणि आणखी कोणाला दिला आहे, ते कळवावे. पावती, वॉरंटी आणि खात्यासंबंधीचे मेल चालू ठेवण्यास हरकत नाही.’

शेवटचे वाक्य गाळू नका. ते नसेल तर काही कंपन्या खातेच बंद करून टाकतात किंवा ‘मग बिलही पाठवता येणार नाही’ असे उत्तर देतात. पत्र कंपनीच्या गोपनीयता धोरणात दिलेल्या तक्रार अधिकाऱ्याच्या पत्त्यावर पाठवा, ‘नो रिप्लाय’ला उत्तर देऊन उपयोग नाही. कायदा पूर्ण लागू झाल्यावरही आधी कंपनीकडेच तक्रार करावी लागेल. ती वाट संपल्यावर डेटा संरक्षण मंडळाचे दार उघडते. संमतीची विनंती इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचता येण्याची सोय कंपनीने द्यायची आहे. म्हणजे ती मराठीत मागण्याचा हक्क आहे, आणि तो वापरावा.

या कायद्यातली एक पळवाट छोट्या व्यावसायिकांना जाणवेल. जी माहिती माणसाने स्वतःच जाहीर केली आहे तिला हा कायदा लागू नाही. दुकानाच्या वेबसाइटवर तुम्हीच ईमेल पत्ता लिहिला असेल आणि तिथून तो कुणी उचलला, तर मंडळाकडे जाण्यात फारसा अर्थ नाही. वेबसाइटवर पत्त्याऐवजी फॉर्म ठेवणे जास्त कामाचे.

अनोळखी पाठवणारा

दुसऱ्या ढिगातल्या मेलला उत्तर देऊ नका, ‘कृपया पुन्हा पाठवू नका’ एवढेही नाही. स्पॅम म्हणून कळवा आणि सोडून द्या. पण तोच माणूस नाव बदलून महिनोन्‌महिने पाठ सोडत नसेल, तर मेल ज्या कंपनीच्या यंत्रणेतून येतो तिच्याकडे तक्रार करता येते. घाऊक मेल पाठवण्याची सेवा देणाऱ्या नामांकित कंपन्यांच्या अटींत संमतीशिवाय मेल पाठवायला मनाई असते, आणि त्या खाते बंद करतात.

त्यासाठी मेलचे मूळ रूप पाहावे लागते. हे फोनच्या ॲपमध्ये दिसत नाही, संगणकावर ब्राउझरमध्ये जीमेल उघडा.

1. मेल उघडून उजवीकडचे तीन ठिपके, मग ‘शो ओरिजिनल’. वर एक छोटा तक्ता येतो: एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क (मेल खरोखर त्या डोमेनवरून आला का, हे पाहणाऱ्या तीन तपासण्या), आणि प्रत्येकापुढे पास किंवा फेल.

2. डीकेआयएमच्या ओळीतले डोमेन टिपून घ्या. दिसणाऱ्या ‘फ्रॉम’मध्ये काहीही लिहिता येते, पण डीकेआयएम पास असेल तर त्या डोमेनच्या मालकाने सही केली आहे हे नक्की. कधी तिथे विक्रेत्याचे डोमेन असते, कधी मेल पाठवणाऱ्या सेवेचे, कधी दोन्ही सह्या असतात.

3. खाली ‘रिसीव्हड’ने सुरू होणाऱ्या ओळी आहेत. त्या खालून वर वाचायच्या, कारण प्रत्येक सर्व्हर आपली ओळ वर चढवतो. भरवसा ठेवायचा तो तुमच्या मेल सेवेने लिहिलेल्या सर्वांत वरच्या ओळींवर. खालच्या ओळी पाठवणारा खोट्याही घालू शकतो.

4. सगळा मजकूर कॉपी करा आणि त्या सेवेच्या तक्रार पत्त्यावर पाठवा. 1997 पासूनच्या संकेतानुसार हा पत्ता ‘ॲब्यूज’ हा इंग्रजी शब्द, ॲटचे चिन्ह आणि त्यांचे डोमेन असा असतो. इंग्रजीत तीन ओळी पुरतात: हा मेल मागितलेला नाही, या पाठवणाऱ्याला संमती दिलेली नाही, पूर्ण हेडर (म्हणजे मेल कुठून कसा आला याची ही तांत्रिक नोंद) खाली आहे.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे मेल नुसता फॉरवर्ड करणे. फॉरवर्ड केला की मूळ हेडर जातो आणि तुमचाच हेडर पुढे जातो. तक्रार वाचणाऱ्याला काही शोधता येत नाही. हेडर कॉपी करायचा, नाहीतर ‘फॉरवर्ड ॲज अटॅचमेंट’ वापरायचे. दुसरी चूक समजुतीची: तिन्ही पास आहेत म्हणजे मेल सज्जनाचा, असे नाही. पास म्हणजे मेल त्या डोमेनवरूनच आला एवढेच. भामटासुद्धा स्वतःचे डोमेन विकत घेऊन तिन्ही पास मिळवतो.

पत्ता कुणी फोडला हे कळावे म्हणून एक साधी युक्ती आहे. जीमेलच्या नावापुढे अधिकचे चिन्ह आणि दुकानाचे नाव जोडून पत्ता दिला तरी मेल तुमच्याकडेच येतो. उद्या चष्म्याच्या दुकानाला दिलेल्या पत्त्यावर गृहकर्जाची जाहिरात आली, तर यादी कुठून गेली ते समजते. काही फॉर्म अधिकचे चिन्ह घेत नाहीत, आणि याद्या विकणारे मुरलेले लोक ते चिन्ह आणि पुढचा मजकूर छाटून टाकतात. त्यामुळे हा सापळा अर्ध्याच चोरांना लागतो.

भामटे

काहीही दाबू नका, अटॅचमेंट उघडू नका. जीमेलच्या तीन ठिपक्यांत ‘रिपोर्ट फिशिंग’ वेगळे आहे, ते निवडा. पैसे गेले असतील तर मात्र ईमेलच्या मागे वेळ घालवू नका: तडक 1930 ला फोन, मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार. पैसे पुढच्या खात्यांत जाण्याआधी अडवता येतात, म्हणून पहिला तास मोलाचा. संगणकाच्या साहाय्याने दुसऱ्याचे सोंग घेऊन फसवणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66ड खाली गुन्हा आहे. 3 वर्षांपर्यंत कैद आणि 1 लाखापर्यंत दंड. तो मेल पुरावा आहे, डिलीट करू नका. स्पॅममध्ये पडला असेल तर बाहेर काढून ठेवा, कारण तिथले मेल 30 दिवसांनी आपोआप जातात.

मग सरकारने ईमेललाही 1909 का देऊ नये?

हा प्रश्न दर वेळी निघतो. उत्तर ‘सरकारला जमत नाही’ इतके सोपे नाही.

फोनवर नियम का चालतात ते पाहा. नंबर टेलिकॉम कंपनी देते, केवायसी घेऊन देते, आणि बंद करण्याची चावी तिच्याच हातात असते. त्यामुळे 1909 वर ‘स्टार्ट 0’ (इंग्रजी अक्षरांत) पाठवले की सर्व जाहिरातींना नकार नोंदवला जातो. त्यानंतर जाहिरात आली तर 7 दिवसांच्या आत संदेश, पाठवणाऱ्याचा नंबर आणि तारीख 1909 लाच कळवायची. फेब्रुवारी 2025 च्या दुरुस्तीनंतर नोंदणी नसलेल्या पाठवणाऱ्याविरुद्ध तक्रार करायला आधी नकार नोंदवलेला असण्याचीही गरज नाही, आणि 10 दिवसांत 5 तक्रारी आल्या तर कारवाई सुरू होते. पहिल्यांदा 15 दिवस बाहेर जाणारी सेवा बंद, पुन्हा केले तर वर्षभर सगळे कनेक्शन बंद. एसएमएसच्या नावामागे आता पी, एस, टी, जी ही अक्षरे दिसतात: जाहिरात, सेवा, व्यवहार, सरकारी. तरी साध्या दहा आकडी नंबरांवरून कॉल येतातच, कारण सिम बदलणे स्वस्त आहे.

ईमेलमध्ये अशी चावी कुणा एकाकडे नाही. पत्ता फुकट मिळतो, सर्व्हर तिसऱ्या देशात असतो आणि विकणारा चौथ्या. अमेरिकेने हे करून पाहिले आहे. तिथला कॅन-स्पॅम कायदा 1 जानेवारी 2004 पासून लागू झाला. त्याने संमती आधी घेण्याची अट घातली नाही. खोटा विषय नको, खरा टपाल पत्ता हवा, नाव काढण्याची सोय हवी, एवढेच मागितले. कॅलिफोर्नियाने आधी संमतीचा कडक कायदा केला होता, तो केंद्राच्या कायद्यापुढे टिकला नाही. ‘ईमेल नको’ म्हणणाऱ्यांची राष्ट्रीय यादी करता येईल का, हे पाहायला त्यांच्या व्यापार आयोगाला सांगितले होते. आयोगाने जून 2004 मध्ये कळवले की पाठवणारा कोण हे पटवण्याची यंत्रणा नसताना अशी यादी केली तर स्पॅम कमी होणार नाही, वाढेलही. चालू पत्त्यांची इतकी चोख यादी चोरांना आणखी कुठे मिळाली असती?

जगातला स्पॅम एका दिवसात निम्म्याहून खाली आला, तो कायद्याने नव्हे. नोव्हेंबर 2008 मध्ये कॅलिफोर्नियातल्या मॅककोलो या, स्पॅम टोळ्यांचे सर्व्हर ठेवणाऱ्या होस्टिंग कंपनीची इंटरनेट जोडणी तिला जोडणी पुरवणाऱ्यांनी तोडली, तेव्हा. अर्थात काही महिन्यांत तो परत आला. 2024 च्या गूगल-याहूच्या अटीही खासगीच आहेत.

म्हणून सरकार नको, असा निष्कर्ष काढू नये. दोन कंपन्यांच्या मर्जीवर इनबॉक्स चालणे हेही बरे नाही: उद्या अट बदलली तर दाद कुठे मागणार? सरकारने भामट्यांच्या मागे ईमेलचा स्वतंत्र कायदा घेऊन धावण्यात अर्थ नाही, त्यांच्यासाठी 66ड आहेच. नियम हवा तो पहिल्या ढिगासाठी, म्हणजे ज्यांचे दुकान, जीएसटी नंबर आणि बँक खाते भारतात आहे त्यांच्यासाठी: आधी संमती, एका टिचकीत नकार, नकार पाळायला ठरावीक दिवस, आणि दंड मेल पाठवणाऱ्या एजन्सीला नव्हे, तर ज्याचा माल विकला जातो त्याला. कॅनडाने जवळपास हेच केले. त्यांचा कायदा 1 जुलै 2014 पासून लागू आहे, आणि कंपनीला एका उल्लंघनासाठी 1 कोटी कॅनेडियन डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो.

तुम्हीच पाठवणारे असाल तर

दिवाळीचा फराळ किंवा हापूसच्या पेट्या विकणाऱ्या घरगुती धंद्यांनाही हे लागू होते. टोरांटो, न्यू जर्सी, मेलबर्नच्या ग्राहकांना मेल गेला की त्यांचे कायदे लागतात, मेल डोंबिवलीतून निघाला असला तरी. अमेरिकेसाठी: खरा टपाल पत्ता (पोस्ट बॉक्स चालतो), नाव काढण्याची सोय मेल पाठवल्यापासून किमान 30 दिवस चालू, आणि विनंती 10 कामकाजी दिवसांत पूर्ण. ऑस्ट्रेलियात हीच मुदत 5 कामकाजी दिवस. कॅनडात आधी संमती हवी आणि ती होती हे तुम्हाला सिद्ध करावे लागते. खरेदी केली असेल तर 2 वर्षे, नुसती चौकशी केली असेल तर 6 महिने संमती गृहीत धरता येते. म्हणजे गेल्या दिवाळीला भाव विचारून गप्प बसलेल्याला या दिवाळीला मेल पाठवता येत नाही. ‘मेल पाठवू का?’ असे विचारणारा मेलसुद्धा तिथे जाहिरातच मानला जातो, त्यामुळे संमती दुकानात, फोनवर किंवा फॉर्मवर घ्या. ब्रिटन आणि युरोपातही संमती आधीच लागते, फक्त जुन्या ग्राहकाला त्याच प्रकारच्या मालाबद्दल लिहिता येते.

फुकटच्या जीमेलवरून बीसीसीमध्ये तीनचारशे पत्ते घालून पाठवू नका. दिवसाची मर्यादा 500 आहे, आणि ती ओलांडली की खाते दिवसभर अडकते, ऐन ऑर्डरींच्या दिवसांत. बीसीसीऐवजी चुकून सीसीमध्ये पत्ते पडले तर सगळ्यांचे पत्ते सगळ्यांना दिसतात. स्वतःचे डोमेन घ्या, मेल पाठवणारी सेवा घ्या आणि डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे त्याच्या सार्वजनिक नोंदवहीत, वरच्या तीन तपासण्यांच्या तीन नोंदी करा. एसपीएफची नोंद एकच असावी. जुनी ठेवून दुसरी टाकली तर दोन्ही बाद होतात, आणि तिच्यातून होणाऱ्या डीएनएस चौकशा 10 च्या वर गेल्या तरी तपासणी फसते. डीकेआयएमची किल्ली 2048 बिटची घ्या. डीमार्कची सुरुवात ‘पी बरोबर नन’ने (p=none, फेल झालेल्या मेलवर कारवाई नको) करा, दोनचार आठवडे अहवाल पाहा, आपलेच मेल फेल होत नाहीत याची खात्री झाली की ‘क्वारंटाइन’वर (फेल झालेले मेल स्पॅममध्ये) जा. सुरुवातीलाच कडक धोरण लावले तर बिलिंगच्या सॉफ्टवेअरमधून जाणाऱ्या पावत्या सर्वांत आधी गायब होतात, कारण त्या सॉफ्टवेअरची नोंद करायला कुणाला आठवत नाही.

पत्त्यांच्या याद्या विकत घेऊ नका. त्यांत सापळ्याचे पत्ते असतात, म्हणजे कुणीही न वापरणारे, फक्त स्पॅम करणारा पकडायला ठेवलेले. त्यांवर मेल गेला की स्पॅमहाउससारख्या संस्थांच्या काळ्या यादीत नाव येऊ शकते, आणि तिथून बाहेर पडेपर्यंत दिवाळी संपते.

प्रत्येक पत्त्यापुढे चार रकाने ठेवा: संमतीची तारीख, ती कुठे घेतली, फॉर्मवर नेमके कोणते वाक्य होते, शेवटची खरेदी कधी. आणि कुणी नाव काढायला सांगितले तर तो पत्ता पुसून टाकू नका. ‘पाठवू नये’ अशी वेगळी यादी करून तिच्यात ठेवा. पुसला तर पुढच्या वर्षी जुन्या वहीतून किंवा व्हॉट्सॲपच्या ग्रुपमधून यादी पुन्हा भरताना तो परत आत येतो, आणि दुसऱ्यांदा मेल गेलेला माणूस अनसबस्क्राइब शोधत बसत नाही, थेट स्पॅमचे बटण दाबतो.